सुकवायच्या सहा बांध्या

धानाला पाणी कमी कसं द्यावं यावर मी पीएच.डी. करते, हे भंडारा जिल्ह्यात सांगायला छाती लागते. कोणी विचारलं तर पहिली दोन वर्षं मी खरं सांगायची. मग ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे उमटायचं ते बघून तिसऱ्या वर्षी नुसतं 'शेतीवर' म्हणायला लागले. शहापूरला आमच्या घरी काकू अजूनही विचारते, "तुही परीक्षा संपली का वं?" मी म्हणते, नाही. ती म्हणते, "लय मोठा पेपर दिसते." एवढ्यावर आमचं शैक्षणिक संभाषण संपतं.

पद्धत तशी साधी आहे. आपल्याकडे रोपं लावून रोवणा झाला की बांधीत, म्हणजे चारी बाजूंनी मातीचे धुरे घातलेल्या धानाच्या तुकड्यात, कापणीपर्यंत पाणी साचवून ठेवतात. माझ्या पद्धतीत पाणी भरायचं, आटू द्यायचं, माती वरून सुकली तरी घाबरायचं नाही, आणि खालची पातळी वीतभर उतरली की मगच पुन्हा पाणी द्यायचं. पाणी वाचतं, आणि साचल्या पाण्याखाली माती कुजून जो वायू हवेत जातो तोही कमी होतो. पातळी बघायला प्रत्येक बांधीत भोकं पाडलेला प्लास्टिकचा पाइप रोवलेला असतो. त्यात पट्टी घालायची, आकडा लिहायचा, पुढच्या बांधीत जायचं. हे करायला माणूस पदव्युत्तर शिकलेला असावा लागतो, असं विद्यापीठाचं मत आहे.

माझ्या बारा बांध्या होत्या. सहा नेहमीसारख्या भरलेल्या, सहा सुकवायच्या. जमीन एकोडीच्या पुढच्या गावात, एका शिक्षकाची. ते साकोलीला राहत आणि शेताकडे फारसे फिरकत नसत. "घे, कर काय करायचं ते," एवढंच म्हणून त्यांनी तुकडा दिला. त्यांचे उपकार मी मानते, कारण त्याआधी सात जणांनी मला चहा पाजून परत पाठवलं होतं.

प्रयोगाच्या पहिल्या वर्षी पावसाने माझं काही चालू दिलं नाही. आषाढापासून जो लागला तो दसऱ्यापर्यंत. सुकवायच्या बांध्या सुकल्याच नाहीत. बाराच्या बारा बांध्या सारख्या तुडुंब आणि माझी वही सारख्या आकड्यांनी भरलेली. विद्यापीठाच्या समितीतल्या एका सरांनी वही चाळून विचारलं, "यात तुमचा प्रयोग कुठे आहे?" मी म्हटलं, पाण्याखाली आहे. कोणी हसलं नाही. ते वर्ष बाद झालं. म्हणजे आता दुसऱ्या वर्षीच्या हंगामावर सगळं होतं. तो साधला तर प्रबंध, नाही तर पुन्हा मुदतवाढीचा अर्ज, पुन्हा त्यावर चार सह्या, आणि वय तिशीला टेकलेलं.

दुसऱ्या वर्षी पोळा झाला आणि पावसाने दडी मारली. सगळा तालुका आभाळाकडे बघत होता आणि मी एकटी खूश होते. लाज वाटायची, पण होते. धानाला पाणी नाही म्हणून आनंदलेली बाई त्या शिवारात दुसरी सापडली नसती.

पाऊस दडी मारतो तेव्हा गावचा तलाव फोडतात. 'फोडतात' म्हणजे तुडूं, तलावाचं पाणी सोडायचं तोंड, उघडून पाटाने पाणी शेतांना देतात. कोणाला किती वेळ, कोणाची पाळी कधी, हे ठरलेलं असतं आणि ते बघायला गावाचा एक माणूस असतो. त्या गावात तो माणूस म्हणजे आबाजी. सत्तरीचे, काटकुळे, खांद्यावर फावडं, धोतर गुडघ्याच्या वर. पाणी वाटण्याचं काम त्यांच्या घरात बापाच्याही आधीपासून होतं. त्यांच्या स्वतःच्या दोन बांध्या माझ्या बांध्यांना लागून, खालच्या अंगाला होत्या. गावात त्यांच्याविषयी एकच गोष्ट सांगत, की आबाजीने तलावात पाणी असताना कोणाचं धान वाळू दिलं नाही. मी हे ऐकलं आणि कौतुकाने वहीच्या मागच्या पानावर लिहूनही घेतलं. त्याचा माझ्या प्रयोगाशी काही संबंध येईल, हे डोक्यात आलं नाही. एवढं शिकून डोक्यात काय येतं, हा वेगळाच प्रश्न आहे.

पाऊस थांबून आठ-दहा दिवस झाले असतील. आबाजी धुऱ्यावर येऊन उभे राहिले.

"बेटा, तुह्या ह्या सहा बांध्या सुकून राहिल्या. पाणी सोडू का?"

"नाही आबाजी. सुकू द्या. मले सुकवाच्याच आहेत."

"काहून?"

"अभ्यास हाये माहा."

"असं." त्यांनी वाकून बांधीतली माती बोटाने दाबून बघितली. "तलावात पाणी हाये भरपूर. लाजू नोको."

"लाजत नाही आबाजी. खरंच नोको."

"बरं."

पुढच्या खेपेला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा. तिन्ही वेळा मी नाही म्हटलं, तिन्ही वेळा ते "बरं" म्हणाले. मला वाटलं विषय संपला.

मी शेतावर रोज जात नव्हते, हे इथं कबूल करते. जायला हवं होतं. साकोलीला मी आणि माझी एक मैत्रीण भाड्याच्या खोलीत राहायचो. तीही पीएच.डी.ची, तिचा विषय जमिनीतले जिवाणू. आठवड्यातले चार दिवस कॉलेजात माझ्या मार्गदर्शक सरांची कामं असत. पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रात्यक्षिकं घेणं, सरांच्या प्रकल्पाच्या फायली लावणं, सरांच्या पाहुण्यांना प्रक्षेत्र दाखवणं. सरांच्या मुलीच्या विज्ञान प्रदर्शनातला ज्वालामुखीसुद्धा मीच केलेला आहे. त्याला दुसरा क्रमांक मिळाला. तर उरले दोन दिवस, सोमवार आणि गुरुवार. सकाळची बस, फाट्यावर उतरून पायी, बारा पाइपांत बारा वेळा पट्टी, आणि दुपारच्या बसने परत.

सप्टेंबरच्या शेवटी गंमत सुरू झाली. सुकवायच्या सहा बांध्यांत पातळी वीतभर उतरेचना. सोमवारी चार बोटं खाली, गुरुवारी चार बोटं खाली, पुन्हा सोमवारी पाच. पाऊस नाही. माझ्या पर्जन्यमापकात कोळी राहायला आला होता. मी पाणी दिलेलं नाही. वहीत 'सिंचन' या रकान्याखाली 'नाही, नाही, नाही' असे नकारांचे थवे. आणि धान हिरवंगार.

सरांना फोन केला.

"शेजारच्या भरलेल्या बांध्यांतून झिरपत नाही ना?"

"नाही सर, मध्ये प्लास्टिक घातलंय. खोलवर."

"मग मातीचा गुण आहे. पाणी धरून ठेवणारी माती. छान, लिही."

मी लिहिलं. आता खरी गोष्ट सांगते. मला संशय आला नव्हता असं नाही. एका गुरुवारी धुऱ्याला एक खाच बुजवलेली दिसली होती. अजून ओलसर असलेला चिखलाचा नवा गोळा, वर फावड्याच्या पाठीने थापलेला. बाजूला अनवाणी पावलं. मी बघितलं आणि मनाशी म्हटलं, गुरं हाकायला कोणी आलं असेल. गुरं धुऱ्याला फावड्याने थापत नाहीत, हे मला माहीत आहे. मी शेतकऱ्याची पोर आहे. पण वही इतकी सुरेख भरत चालली होती, की मला तो चिखल बघायचाच नव्हता. कोणाला विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणून विचारलं नाही.

कापणी झाली, मळणी म्हणजे आमच्याकडचा चुरणा झाला. बारा बांध्यांचं धान बारा पोत्यांत वेगळं ठेवून तोललं. सुकवायच्या बांध्यांचं उत्पन्न भरलेल्यांइतकंच, दोन बांध्यांचं तर वरचढ. पाणी मात्र जवळजवळ काहीच दिलेलं नाही. मी तक्ता सरांना पाठवला. त्यांचा दहा मिनिटांत फोन. चार वर्षांत पहिल्यांदा ते "शाब्बास" म्हणाले, आणि पहिल्यांदाच 'तुझा प्रयोग' न म्हणता 'आपला प्रयोग' म्हणाले. शोधनिबंध लिहायचा, समितीपुढे मांडायचं, तारीखही ठरली. त्या रात्री मला छान झोप लागली. कित्येक महिन्यांनी.

दुसऱ्या दिवशी साकोलीच्या बसस्टँडजवळून पेढे घेतले आणि गावात गेले. पहिले पेढे आबाजींच्या घरी द्यायचे असं मनात होतं. धुऱ्यावर उभं राहून पोरीची विचारपूस करणारा तो एकच माणूस होता.

अंगणात आजी, म्हणजे त्यांची बायको, सुपाने धान पाखडत बसली होती. आबाजी बाजूला दोरी वळत होते. पेढा हातावर ठेवला तर आजीने आधी मलाच अर्धा भरवला.

"तुहं धान भरलं का चांगलं?"

"जोरात भरलं आजी. सर लय खूश हायेत."

"भरनच ना. यानं आपली पाण्याची पाळी तुले देल्ली."

"चूप बस ना वं," आबाजी दोरीवरून नजर न उचलता म्हणाले.

माझ्या तोंडातला पेढा तोंडातच राहिला. "कोणती पाळी, आजी?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आजी सांगत होती, आबाजी मध्ये मध्ये तिला गप्प करत होते, आणि मी एकेक प्रश्न विचारत होते. मी सोमवारी दुपारच्या बसने गेले की संध्याकाळी आबाजी फावडं घेऊन माझ्या धुऱ्यावर येत. सहाही बांध्यांना थोडं थोडं पाणी देत. खाच पाडायची, माती ओली होईस्तोवर थांबायचं, पुन्हा बुजवायची. गुरुवारी मी गेल्यावर पुन्हा तसंच. शिक्षकांच्या वाट्याचं पाणी माझ्या भरलेल्या सहा बांध्यांत संपायचं. म्हणजे उरलेल्या सहांना पाणी द्यायचं तर कोणाच्या तरी वाट्यातून तोडायला हवं.

"दुसऱ्याचं पाणी कसं देईन?" आबाजी म्हणाले. "गावानं भरोशानं देल्लं काम हाये. आपल्याच पाळीतलं देल्लं."

तेव्हा मी पहिल्यांदा आजीच्या सुपाकडे नीट बघितलं. तिच्यापुढे दोन ढीग होते. एक धानाचा, एक पोच्याचा. पोच्याचा ढीग मोठा होता. पोचं म्हणजे ज्या दाण्यात तांदूळ भरलाच नाही, नुसतं टरफल. लोंबी बाहेर पडताना पाणी कमी पडलं की असं होतं. हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे, चांगले गुण मिळवून.

"आबाजी," मी म्हटलं, "म्या तुमाले तीनदा नाही म्हटलं होतं ना!"

"म्हटलं होतं ना."

"मंग?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की एवढंही कळत नाही का या पोरीला. "नाही त पावणा म्हणतेच, बेटा. पावण्यानं नाही म्हटलं म्हून वाढणं बंद करते का कोणी?"

"मी पावणी नोती! माहा अभ्यास होता तो!"

"तेच ना. अभ्यास होता म्हून त. तू येऊन कागदावर लिवून जाय, तोंड उतरलेलं राहे. धान वाळलं असतं त नापास झाली असती. बापानं एवढं शिकवलं."

मी ओरडले. आता आठवतं तेव्हा कानशिलं तापतात, पण ओरडले. म्हटलं, तुमाले कोणी सांगितलं होतं, माहं सगळं वाटोळं केलं तुमी, चार सालाचं काम पाण्यात घातलं. आबाजी गोंधळून आजीकडे बघायला लागले. "वाटोळं? धान त भरलं म्हणते," ते हळूच तिला म्हणाले. आजीने सूप खाली ठेवलं. मी पेढ्यांचा पुडा ओट्यावर टाकला आणि निघाले. फाट्यावर बसची वाट बघत रडले. दुःखाने नाही, रागाने. बस एक तास आली नाही, त्यामुळे रडायला आणि रागवायला, दोन्हीला भरपूर वेळ मिळाला.

खोलीवर मैत्रिणीला सांगितलं. तिचं स्वतःचं तेव्हा बरं चाललं नव्हतं. प्रयोगशाळेतला फ्रीज दोन दिवस बंद पडला आणि तिचे वर्षभराचे नमुने नासले होते. कोणी बंद केला, का केला, हे शोधायला नेमलेली समिती अजून बसायची होती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "तू वहीत खोटं काही लिहिलंस का?"

"नाही."

"तू पाणी दिलंस का?"

"नाही."

"मग 'नाही' लिहिलंस ते खरंच आहे की. तोंड शिवून घे आणि पास हो. माझे जिवाणू मेले तर मला कोणी विचारलं नाही. तुझं धान जगलं तर तू कशाला सांगत बसतेस?"

ती वाईट मुलगी नाही. पीएच.डी.च्या चौथ्या वर्षात माणूस असाच विचार करायला लागतो. मीही केला. पूर्ण तीन दिवस केला. कोणाला कळणार होतं? आबाजी काही शोधनिबंध वाचणार नव्हते. नुकसान तरी कोणाचं?

पण तो तक्ता समोर घेतला की मला त्यात आजीचं सूप दिसायचं. तक्त्यात एक रकाना होता, 'वाचलेलं पाणी'. माझा सगळा पराक्रम त्या रकान्यात होता. आणि ते पाणी वाचलंच नव्हतं. ते आबाजींच्या दोन बांध्यांतून माझ्या सहा बांध्यांत आलं होतं, आणि त्याबदली त्यांच्या अंगणात पोच्याचा ढीग पडला होता. उद्या हे छापून आलं असतं. परवा कोणा साहेबाने वाचून म्हटलं असतं, की या भागातल्या मातीला पाणी जवळजवळ लागतच नाही, तलावाच्या पाळ्या कमी करा. मग सगळ्यांत आधी कोणाचं धान वाळलं असतं? खालच्या अंगाच्या माणसाचं. एवढं समजायला काही तीन दिवस लागत नाहीत. तीन दिवस लागले ते धीर करायला.

सरांच्या खोलीत जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"पाणी देणाऱ्या आबाजींनीच."

"लेखी दिलंय?"

"नाही सर."

"मग ते ऐकीव आहे. संशोधनात ऐकीव गोष्ट धरत नाहीत. तुझ्या वहीत निरीक्षण काय आहे?"

"सर, माझी वही चुकीची आहे."

"वही चुकीची नसते. वहीत काय लिहिलंय?"

मला या माणसाच्या टेबलावरचा काचेचा गोळा उचलून खिडकीबाहेर फेकावासा वाटत होता. शेवटी तेच म्हणाले, की तुझा हट्टच असेल तर त्या म्हाताऱ्याकडून मोजून आण. कोणत्या दिवशी, किती वेळ, किती पाणी दिलं. आकडा मिळाला तर तो हिशेबात धरून घेऊ, हंगाम वाचेल. त्यांनी मला एक नमुनाही छापून दिला. त्यात तारीख, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, पाण्याच्या प्रवाहाची खोली आणि माहिती देणाऱ्याची सही, एवढे रकाने होते.

मी तो नमुना घेऊन गावात गेले. इतकं तोंड टाकून आल्यावर त्या अंगणात पुन्हा पाय ठेवायला मला लाज वाटत होती. आजीने मात्र काहीच झालं नसल्यासारखा चहा ठेवला. मी आबाजींना विचारलं, "किती पाणी देल्लं आबाजी, माह्या बांध्यांले?"

"लागलं तेवढं."

"म्हंजे किती?"

"जेवढं लागलं तेवढं."

"घंटा? दोन घंटे?"

"घड्याळ पाहून पाणी देते का कोणी? माती पाहून देते." मग त्यांची नजर माझ्या हातातल्या कागदावर गेली आणि चेहरा बारीक झाला. "कागद काहून आणला? सरांले कमी वाटून राहिलं का?"

"नाही आबाजी, तसं नाही."

"लिव ना मंग. भरपूर देल्लं म्हून लिव. मी सही करून देतो."

मी समजावायचा प्रयत्न केला. खरंच केला. पण सुकवायचं होतं म्हणजे काय, तोलायचं कशासाठी, भरलेल्या आणि सुकलेल्या बांधीत फरक दिसायलाच हवा होता म्हणजे काय, हे सगळं त्या अंगणात, पोच्याच्या ढिगाशेजारी बसून, माझ्याच कानाला वेडेपणाचं वाटायला लागलं. अर्ध्यातच थांबले. आबाजींनी रिकाम्या नमुन्याखाली सावकाश, एकेक अक्षर काढून सही केली. बाकीचे रकाने कोरेच राहिले. ती सही मी अजून जपून ठेवली आहे, फायलीत नाही, माझ्या पाकिटात.

समितीपुढे मी सगळं सांगितलं. सर माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत होते. एका बाईंनी विचारलं, "शेतकऱ्यावर तुमचं नियंत्रण नव्हतं का?" मी म्हटलं, नव्हतं. दुसरे एक म्हणाले, "कुंपण का घातलं नाही?" मी म्हटलं, पाणी चोरणाऱ्यासाठी कुंपण घालतात, देणाऱ्यासाठी कसं घालायचं ते सुचलं नाही. हे मी उद्धटपणे बोलले असं नंतर मला सांगण्यात आलं. असेल. टिपणीत लिहून आलं, 'विद्यार्थिनीने प्रक्षेत्रावर पुरेशी देखरेख ठेवली नाही. दुसरा हंगाम ग्राह्य धरता येत नाही. आणखी एक हंगाम घ्यावा.' वाचून माझा संताप झाला, आणि तो जास्त झाला कारण पहिलं वाक्य अगदी खरं होतं. सर बाहेर व्हरांड्यात एवढंच म्हणाले, "तू स्वतःच्या हाताने केलंस हे." आता तो पुन्हा 'तुझा प्रयोग' झाला होता.

मुदतवाढीचा अर्ज केला. चारांपैकी तीन सह्या मिळाल्या, चौथे साहेब रजेवर होते. घरी फोन करून आईला सांगितलं. मागून काकूचा आवाज आला, "पेपर पुढं गेला वाटते."

शिक्षकांकडे जमीन पुन्हा एका वर्षासाठी मागायची होती. ते "घे" म्हणाले. मग आबाजींशी बोलणं भाग होतं. या खेपेला मी ठरवूनच गेले होते. माफी मागायची, आणि मग शांत बसून, पहिल्यापासून, कितीही वेळ लागला तरी समजावून सांगायचं, की माझं 'नाही' हे पाहुण्याचं नाही नव्हे. वाटेत चालताना वाक्यं जुळवत होते. अर्धी पुस्तकी भाषेत जुळत होती, ती पुन्हा झाडीपट्टीच्या बोलीत घोळवत होते.

दोघंही अंगणात होते. आजी पोचं टोपल्यात भरत होती, कोंबड्यांसाठी. आबाजींनी मला बघून बाज पुढे सरकवली.

"त्या दिवशी मी लय बोलली आबाजी," मी म्हटलं. "माफ करा."

त्यांनी हात हलवला, माशी उडवावी तसा. त्यांना वेगळंच विचारायचं होतं. "पास झाली का?"

"नाही झाली, आबाजी. पुन्हा एक साल कराव लागन."

आणि पुढचं सांगायला मी तोंड उघडलं. जुळवलेलं पहिलं वाक्य ओठावर होतं. पण आबाजी माझ्याकडे बघत नव्हते. ते आजीकडे वळले होते, आणि तिच्या हातातल्या टोपल्याकडे बघून, स्वतःवरच चिडल्यासारखे, तिला म्हणाले,

"म्हटलं होतं ना तुले, पोरीले पाणी कमी पडून राहिलं. आपल्या बांधीले दोनदा देल्लं आपण. ते बी तिलेच द्याले पाह्यजे होतं."